एटीएमची चिठ्ठी आणि मज्जासंस्था

वैशाखातील जबलपूरच्या उन्हात मोटारीच्या पुढच्या काचेखाली विसरलेली एटीएमची चिठ्ठी संध्याकाळपर्यंत काळपट पडते. सदर किंवा बडा फुहाऱ्याच्या बाजारातून परतणाऱ्या अनेक ग्राहकांनी हे पाहिले असेल. या चिठ्ठीवर शाई नसतेच. कागदावर एक रंगहीन रंजक आणि त्याला रंग आणणारे दुसरे रसायन यांचा थर असतो. यंत्राचा तप्त भाग टेकतो तेथे दोन्ही वितळून एकत्र येतात आणि अक्षर उमटते. ऊन हेच काम सरसकट करते.

हे दुसरे रसायन दीर्घकाळ बिस्फेनॉल ए, म्हणजे बीपीए, हेच होते. पॉलिकार्बोनेट प्लास्टिक त्यापासूनच तयार होते. प्लास्टिकमध्ये ते साखळीत बांधलेले असते. चिठ्ठीवर मात्र सुटे असते आणि बोटांना लागते. स्त्रीसंप्रेरक इस्ट्रोजेनसारखे ते वागते, हे लंडनमधील संशोधकांनी १९३६ मध्येच दाखविले होते. मेंदूच्या पेशीही इस्ट्रोजेनची भाषा जाणतात. खरा प्रश्न येथे सुरू होतो.

अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये आफ्रिकी वानरांना २८ दिवस बीपीए दिले. मात्रा होती शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास रोज ५० मायक्रोग्रॅम. तेव्हाच्या अमेरिकी निकषानुसार ती सुरक्षित होती. तरीही स्मरणाशी निगडित हिप्पोकॅम्पसमध्ये इस्ट्रोजेनमुळे होणारी नव्या चेतासंधींची निर्मिती खुंटली. आपल्याकडे बनारस हिंदू विद्यापीठात नवजात उंदरांच्या मज्जारज्जूवर प्रयोग झाले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार बीपीएमुळे मज्जारज्जूतील प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात.

सर्वांत बोलका प्रयोग मात्र गोल्डफिशवरचा. या माशाच्या मेंदूत मौथनर नावाच्या दोन मोठ्या चेतापेशी असतात. शत्रूची चाहूल लागताच कोणत्या दिशेने पळायचे, हे त्या क्षणार्धात ठरवितात. जर्मनीतील बायरॉइट विद्यापीठाने २०२१ मध्ये दाखविले, की महिनाभर बीपीएच्या पाण्यात राहिलेल्या माशांत या पेशींचे संदेशवहन बिघडते. बीपीएऐवजी वापरात आलेल्या बिस्फेनॉल एसनेही तेच घडले. ‘बीपीएमुक्त’ अशी मोहोर असलेल्या वस्तूंवर निर्धास्त विसंबू नये, असे म्हणावेसे वाटते ते यामुळेच.

मासा, उंदीर आणि वानर म्हणजे माणूस नव्हे, हेही खरे. सुरक्षित मात्रेबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ही मर्यादा वीस हजार पटींनी खाली आणली (त्याचा आधार मज्जासंस्था नव्हे, तर रोगप्रतिकारशक्तीवरील परिणाम हा होता). जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला मात्र ती अनावश्यक कडक वाटते. नियम तरीही बदलत आहेत. भारतीय मानकाने २०१५ पासून बालकांच्या दूधबाटल्यांत पॉलिकार्बोनेट वर्ज्य केले. युरोपने जानेवारी २०२० पासून उष्णतेने छापल्या जाणाऱ्या कागदात बीपीएचे प्रमाण ०.०२ टक्क्यांवर आणले.

महिन्यातून दोनदा पैसे काढणाऱ्याने घाबरावे असे येथे काही नाही. काळजी घ्यावी ती दिवसभर चिठ्ठ्या फाडणाऱ्या दुकानातील गल्लेवाल्यांनी, एटीएममध्ये कागदाची रिळे बसविणाऱ्यांनी आणि विशेषतः त्यांतील गर्भवती भगिनींनी. हातांना सॅनिटायझर लावून लगेच चिठ्ठी धरू नये. २०१४ च्या एका अमेरिकी प्रयोगात अशा ओल्या हातांतून बीपीए अधिक शोषले गेल्याचे आढळले. चिठ्ठी दातांत धरण्याची सवय तर सोडावीच, मग तोंड उघडून कितीही घाईत पाकीट सांभाळायचे असो! लहान मुलांच्या हाती ती खेळायला देऊ नये.

एटीएमच्या पडद्यावर ‘पावती हवी का?’ असा प्रश्न आला, की बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणणे पुरेसे असते. व्यवहाराचा संदेश भ्रमणध्वनीवर येतोच. तक्रारीसाठी किंवा हिशेबासाठी पावती जपायची असेल, तर तिची साध्या कागदावर झेरॉक्स काढून ठेवावी. मूळ चिठ्ठीवरचा आकडा पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाचता येईलच असे नाही.