तिळातिळाने

चला रे पोरांनो, चपला घाला. परसात जायचंय. आत्ताच, ऊन चढायच्या आत. वसंत बघायचाय ना? मग कॅलेंडरात शोधू नका. ते म्हणेल, अजून माघ चाललाय, शिशिर संपायचाय, वसंत चैत्रात. झाडं त्याच्या कितीतरी आधी कामाला लागलेली असतात.

हा कुंपणाला टेकलेला पिंपळ बघा. निम्मी पानं पिवळी पडलीत, झुळूक आली की खाली येतात. बंडू, ही फांदी वाकवतो, तिचं टोक नीट बघ. अणकुचीदार कोंब आहे ना? त्याच्यावर पातळ, गुलाबीसर वेष्टन आहे आणि कोवळं पान आत गुंडाळलेलं आहे. पान बाहेर आलं की वेष्टन गळून पडतं आणि देठापाशी फांदीभोवती एक बारीक कडं उरतं. बोट फिरव. लागलं? जितकी कडी, तितकी पानं या फांदीवर आली.

आणि हे शेजारचं नुकतंच उघडलेलं पान. तांबूस, मऊ, खाली लोंबणारं. हिरवं का नाही, विचारतेस चिमे? हिरवा रंग म्हणजे हरितद्रव्य. ते तयार करायला नत्र लागतं, आणि नत्र झाडाला फुकट मिळत नाही. शिवाय कोवळ्या लुसलुशीत पानावर किडी तुटून पडतात. मग महागाचा माल आधीच का भरायचा? म्हणून सुरुवातीला लाल रंगद्रव्य. कडक उन्हापासून ते कोवळ्या पानाला सांभाळतं, आणि किडींनाही ते रुचत नसावं असं शास्त्रज्ञांना वाटतं. पान जरा निबर झालं, की मग हिरवं.

आता खरं कोडं. पाऊस कधी येणार? जूनमध्ये. विहीर खाली चाललीय, मातीला भेगा पडायला लागल्यात, आणि या बाबाला सुचतेय पालवी! वेडेपणा आहे, म्हणता?

अजिबात नाही, पक्का हिशेब आहे. झाडाचं पाणी सगळ्यात जास्त उडून जातं ते पानांतून. जुनी पानं गाळली की तो खर्च थांबतो. मुळं मात्र खोलवरची ओल ओढतच असतात. ती खोडात, फांद्यांत साठत जाते आणि कोंब फुगतात. पांगारा आणि काटेसावर यांचं लाकूड हलकं, मऊ. त्यांच्या खोडातच पाणी धरून ठेवलेलं असतं. शिवाय पान टाकण्याआधी झाड त्यातलं नत्र, स्फुरद बऱ्यापैकी काढून घेतं आणि तेच पुढे नव्या पालवीच्या कामी येतं. तुम्ही केरात लोटता ती पानं बरीचशी रिकामी झालेली असतात.

आणि घाई कशासाठी? पाऊस पडला की किडींची फौज येते. तोवर पान जून, चिवट झालेलं बरं. तमिळनाडूतल्या मुदुमलाईच्या जंगलात शास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलंय. कोरड्या दिवसांत पालवी फुटलेल्या झाडांचं किडींनी कमी नुकसान केलं, पावसात पालवी फुटलेल्यांचं जास्त.

पण दिवस आला, हे झाडाला सांगतं कोण? पाऊस नाही, ढग नाही. तुमची आजी संक्रांतीला काय म्हणते? आजपासून दिवस तिळातिळाने वाढणार. खरं तर तो २२ डिसेंबरच्या सुमारासच वाढायला लागतो. संक्रांत हळूहळू पुढे सरकत १४-१५ जानेवारीला आलीय. आपल्या पुण्याकडे डिसेंबरातला सर्वांत लहान दिवस साधारण ११ तासांचा असतो. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत तो जेमतेम अर्ध्या तासाने वाढतो. आपल्या लक्षातही येत नाही. पण कोरड्या प्रदेशातल्या कितीतरी झाडांना तेवढा फरक पुरतो. हा अर्धा तास हीच त्यांची खूण.

आंब्याची तऱ्हा वेगळी. त्याला थंडी मोजायची असते. रात्री चांगल्या गार गेल्या तर मोहोर भरघोस, नाहीतर कोकणातला बागायतदार डोक्याला हात लावतो. हे भिंग घ्या आणि या तुऱ्यात बघा. एका तुऱ्यात शेकडो फुलं असतात, कधी हजारावर. ज्या फुलात मधोमध इवलीशी गोटी दिसते, त्यालाच कैरी धरू शकते. बाकीची नुसती नर. आणि ही माशी बघा, इथे तिथे बसतेय. तिला हाकलू नका. परागकण पोचवायचं काम आंब्याकडे मुख्यतः माश्याच करतात.

ऐका! टुक, टुक, टुक... शेवग्याच्या शेंड्यावर तो तांबट बसलाय. चिमणीएवढा, हिरवा, कपाळावर लाल टिळा. चोच मिटलेली, फक्त गळा फुगतो. मान इकडेतिकडे वळवतो, म्हणून आवाज कुठून येतोय ते कळत नाही. थंडीत हाच गप्प होता. आता पांगाऱ्याच्या किंवा शेवग्याच्या वाळक्या फांदीत भोक कोरून घरटं करील. पक्षीही दिवसाची लांबी मोजतात, आणि गंमत म्हणजे निव्वळ डोळ्यांनी नाही. त्यांच्या मेंदूत खोलवर उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात. पिसं, कातडी, कवटी यांतून झिरपलेला उजेड त्यांच्यापर्यंत पोचतो, आणि विणीचा हंगाम आला हे शरीराला कळतं.

आता तुमचं काम. प्रत्येकाने एक फांदी निवडायची आणि तिला रंगीत दोरा बांधायचा. पहिला कोंब कधी उघडला, पान तांबूस कधी, हिरवं कधी, आंब्याला मोहोर कधी, तांबट पहिल्यांदा कधी ऐकला, सगळं तारखेसह वहीत लिहायचं. पुढच्या माघात याच फांदीच्या तारखा पुन्हा लिहायच्या आणि शेजारी मांडायच्या. पालवीच्या तारखा जवळपास जुळतील, असा माझा अंदाज आहे. मोहोराच्या मात्र थंडीप्रमाणे मागेपुढे होतील. खरं की खोटं, ते मला वही दाखवून सांगा. आजोबा म्हणाले म्हणून मान डोलवायची नाही.