बनावट सॉफ्टवेअर अपडेट व ई-मेलद्वारे पसरणारे संगणक विषाणू : ओळख आणि प्रतिबंध

प्रस्तावना

एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात संगणक महानगरांपुरता मर्यादित न राहता तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचला. अहमदनगर, म्हणजेच २०२४ मधील नामांतरानंतरच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या १४ तालुक्यांतील महाविद्यालये, सहकारी साखर कारखाने, नागरी बँका व पतसंस्था यांचे दैनंदिन कामकाज आज संगणकावर अवलंबून आहे. विद्यार्थ्यांचे प्रवेश अर्ज, सभासदांची खाती, उसाच्या वजनाच्या नोंदी व कर्मचाऱ्यांचे वेतन या सर्व बाबी संगणकात साठविलेल्या असतात. तथापि अनेक लहान कार्यालयांत पूर्णवेळ संगणक तज्ज्ञ नसतो. तेथे लेखनिक किंवा लेखापाल हाच संगणकाचा वापरकर्ता व रक्षकही असतो.

‘सॉफ्टवेअर नेहमी अद्ययावत ठेवावे’ असा सल्ला अशा वापरकर्त्यास दिला जातो व तो योग्यच आहे. मात्र याच सल्ल्याचा आधार घेऊन विषाणू पसरविणारे ‘अपडेट’ या नावाने विषाणूच धाडतात. बेफिकीर माणसाइतकाच, किंबहुना अधिक, कर्तव्यदक्ष माणूस या सापळ्यात अडकतो. प्रस्तुत लेखात या फसवणुकीचे स्वरूप, तिची ओळख पटविण्याच्या खुणा व प्रतिबंधक उपाय यांचा विचार केला आहे.

अपडेट म्हणजे काय?

कोणतेही सॉफ्टवेअर पूर्णतः निर्दोष नसते. त्यातील उणिवा लक्षात आल्यावर निर्माती कंपनी दुरुस्तीचा छोटा प्रोग्राम प्रसिद्ध करते. त्यास ‘पॅच’ किंवा ‘अपडेट’ म्हणतात. हा प्रोग्राम संगणकाच्या अंतर्गत रचनेत बदल करीत असल्याने त्यास व्यापक अधिकार द्यावे लागतात. बनावट अपडेटला हेच अधिकार हवे असतात. वापरकर्त्याने स्वतःच्या हाताने परवानगी दिल्यावर विषाणूला संगणकाचे कुलूप तोडावे लागत नाही.

स्वेन : एक उद्‌बोधक उदाहरण

या प्रकाराचे ठळक उदाहरण म्हणजे सप्टेंबर २००३ मध्ये जगभर पसरलेला ‘स्वेन’ हा विषाणू होय. त्यापूर्वी मार्च २००२ मध्ये ‘गिब’ व ऑगस्ट २००३ मध्ये ‘डुमारू’ या विषाणूंनी मायक्रोसॉफ्टच्या नावाने ई-मेल पाठविण्याची युक्ती वापरली होती. स्वेनने ती अधिक सफाईने वापरली. त्याचा ई-मेल मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळासारखा सजविलेला असे व ‘सप्टेंबर २००३ चा एकत्रित पॅच’ सोबत जोडल्याचे त्यात सांगितलेले असे.

या यशामागील कारण त्या काळात दडलेले आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या विषाणूने असंख्य संगणक बंद पाडले होते. त्यावरील खरा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलै २००३ रोजीच प्रसिद्ध केला होता, परंतु अनेकांनी तो बसविला नव्हता. त्यामुळे ‘पॅच त्वरित बसवा’ ही सूचना सर्वत्र ऐकू येत होती. स्वेन नेमक्या याच भीतीवर स्वार झाला.

सोबतची फाईल उघडताच ‘हे अपडेट बसवावयाचे आहे काय?’ असा प्रश्न पडद्यावर येई. वापरकर्त्याने ‘नाही’ म्हटले तरी विषाणूचा शिरकाव झालेलाच असे. त्यानंतर तो अँटीव्हायरस बंद पाडण्याचा प्रयत्न करी, ई-मेलचा पासवर्ड विचारणारी खोटी चौकट दाखवी आणि संगणकात सापडलेल्या पत्त्यांवर स्वतःच्या प्रती पाठवी. यातून एक महत्त्वाचा बोध मिळतो. निर्णयाचा क्षण फाईल उघडण्यापूर्वीचा असतो. नंतर दिलेल्या नकारास अर्थ उरत नाही.

हीच युक्ती आजही जिवंत आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक ठप्प झाले व भारतातील विमानसेवाही विस्कळीत झाली. तो विषाणूचा हल्ला नव्हता. परंतु त्या गोंधळाचा लाभ घेऊन ‘दुरुस्तीचा पॅच’ म्हणून घातक फाईल पाठविण्याचे प्रकार लगेच सुरू झाले व भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेला त्याबाबत इशारा द्यावा लागला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपल्यामुळेही अशा फसवणुकीस नवे निमित्त मिळाले आहे.

बनावट अपडेट ओळखण्याच्या खुणा

१) फाईल ई-मेलसोबत जोडलेली असणे : मायक्रोसॉफ्ट आपले अपडेट ई-मेलला जोडून पाठवीत नाही. ते संगणकातील सेटिंगमधून अथवा कंपनीच्या संकेतस्थळावरूनच मिळते. ही एकच खूण लक्षात ठेवली तरी स्वेनसारखे ई-मेल ओळखता येतात.

२) प्रेषकाचा पत्ता : ई-मेलवर दिसणारे प्रेषकाचे नाव कोणालाही बदलता येते. पोस्टाच्या पाकिटावर मागील बाजूस कोणतेही नाव लिहिता येते, तसाच हा प्रकार आहे. म्हणून ओळखीच्या नावावरून खात्री पटवून घेऊ नये.

३) दुव्यातील खरे नाव : संकेतस्थळाचा मालक नावाच्या शेवटच्या भागावरून ठरतो. ‘मायक्रोसॉफ्ट डॉट कॉम’ या शब्दांपुढे तिरकी रेघ येण्यापूर्वी आणखी ‘डॉट अमुक डॉट नेट’ असे असेल, तर ते संकेतस्थळ मायक्रोसॉफ्टचे नसून ‘अमुक डॉट नेट’चे असते.

४) फाईलचे दुहेरी नाव : विंडोज सर्वसाधारणपणे परिचित फाईलच्या नावाचा अंत्यभाग लपविते. त्यामुळे ‘सूचना डॉट पीडीएफ डॉट इएक्सई’ ही फाईल नुसती ‘सूचना डॉट पीडीएफ’ अशी दिसते. प्रत्यक्षात तो कागद नसून प्रोग्राम असतो. फाईलचा अंत्यभाग दिसेल अशी व्यवस्था सेटिंगमध्ये करून घ्यावी.

५) घाई व धमकी : ‘२४ तासांत अपडेट न केल्यास खाते बंद होईल’ अशी भाषा विचार करण्यास अवधी न देण्यासाठी योजलेली असते.

६) अँटीव्हायरस बंद करण्याची सूचना : ‘अपडेट बसण्यासाठी अँटीव्हायरस तात्पुरता बंद करा’ असे अनोळखी ई-मेलमध्ये सांगितले असल्यास तो ई-मेल घातक समजावा.

मोबाईलवर हीच फसवणूक एपीके फाईलच्या रूपाने येते. वाहतूक दंडाचे चलन, पीएम किसान योजना किंवा बँकेचे केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाईल बसवू नये.

अपडेट टाळणे हा उपाय नव्हे

वरील विवेचनावरून ‘कोणतेच अपडेट नको’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू ज्या उणिवेतून पसरला, तिचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. तो न बसविणाऱ्यांना फटका बसला. त्यात आंध्र प्रदेश पोलिसांचेही काही संगणक होते. म्हणून निमंत्रणाविना दारी आलेले अपडेट नाकारावे व खरे अपडेट स्वतः सेटिंगमध्ये जाऊन घ्यावे.

खऱ्या मार्गानेही विषाणू येऊ शकतो, याचा अनुभव महाराष्ट्राने घेतला आहे. जून २०१७ मध्ये युक्रेनमधील ‘एमईडॉक’ या लेखा सॉफ्टवेअरच्या अधिकृत अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ हा विषाणू पसरविण्यात आला. मर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि तिच्या समूहाकडून चालविल्या जाणाऱ्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले. मर्स्कला सुमारे ४५ हजार संगणकांची मांडणी नव्याने करावी लागली. घाना येथील तिच्या कार्यालयातील एक सर्व्हर वीज खंडित झाल्यामुळे त्या वेळी बंद होता, म्हणून वाचला. त्यातील माहितीच्या आधारे कंपनीला आपली यंत्रणा पुन्हा उभी करता आली. वीज खंडित झाल्याने वाचलेली ही प्रत मर्स्कला केवळ योगायोगाने लाभली. कार्यालयांनी अशी प्रत जाणीवपूर्वक राखली पाहिजे.

प्रतिबंधक व उपचारात्मक उपाय

कार्यालयातील महत्त्वाच्या माहितीची प्रत दर आठवड्यास बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी व नंतर ती डिस्क संगणकापासून वेगळी करून ठेवावी. सतत जोडलेली डिस्क मूळ माहितीबरोबरच नष्ट होऊ शकते. दैनंदिन कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरावे. अपडेट कोणी करावयाचे, हे लेखी ठरवून द्यावे. पायरेटेड सॉफ्टवेअर टाळावे, कारण त्यास खरी अपडेट मिळण्याची शाश्वती नसते.

चुकून फाईल उघडली गेल्यास संगणकाचे इंटरनेट व कार्यालयीन जोडणी तत्काळ तोडावी, पासवर्ड दुसऱ्या सुरक्षित संगणकावरून बदलावेत व वरिष्ठांना कळवावे. आर्थिक फसवणूक झाली असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था व कंपन्यांनी ठरावीक सायबर घटना निदर्शनास आल्यापासून ६ तासांत कळविणे आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ व ६६ अन्वये अप्रामाणिकपणे किंवा कपटाने दुसऱ्याच्या संगणकात विषाणू सोडणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे.

समारोप

स्वेनपासून आजपर्यंत विषाणूंचे तंत्र बदलले, तरी ई-मेलने येणारे बनावट अपडेट आजही वापरकर्त्याच्या विश्वासावरच चालते. त्यामुळे केवळ अँटीव्हायरस खरेदी करून संस्थेची जबाबदारी संपत नाही. ज्या लेखनिकाच्या हाती संगणक आहे, त्यास वरील खुणांचे प्रशिक्षण मिळाले पाहिजे आणि चूक झाल्यास ती निर्भयपणे सांगता येईल असे वातावरणही असले पाहिजे. शिक्षेच्या भीतीने लपविलेली चूक एका संगणकावरून संपूर्ण कार्यालयात पसरते. महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी परिसरातील पतसंस्था, शाळा व ग्रामपंचायतींमध्ये असे प्रशिक्षण दिल्यास जिल्ह्यातील लहान संस्थांना मोठा आधार मिळेल.