महूचे स्मारक आणि कलावंताचे कार्य

माळव्यात मराठी माणूस दोन वाटांनी आला. पहिली वाट सत्तेची. होळकरांच्या काळात स्थिरावलेल्या मराठी समाजाची साक्ष इंदूरचा राजवाडा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या आजही देतात. दुसरी वाट चाकरीची. १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि इंदूरजवळ महू येथे इंग्रजांची छावणी वसली. पलटणीबरोबर तेथे आलेल्या मराठी शिपायाने मागे वाडा ठेवला नाही. बदलीचा हुकूम आला की त्याचे बिऱ्हाड उठे.

रामजी सकपाळ हे या दुसऱ्या वाटेचे प्रवासी होत. कोकणातील आंबडवे हे त्यांचे मूळ गाव. सैन्यात ते सुभेदारपदापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत त्यांनी अध्यापनही केले. १४ एप्रिल १८९१ रोजी महूस त्यांच्या घरी भीमरावांचा जन्म झाला. पुढे रामजी निवृत्त होऊन दापोलीस गेले, तेव्हा भीमराव अवघे दोन-तीन वर्षांचे होते.

अशा कुटुंबाची स्मृती लोकांसमोर मांडावी कशी? येथे कलावंताचे कार्य सुरू होते. दिल्लीस संसदेच्या प्रांगणात १९६७ मध्ये उभारलेल्या पुतळ्यात शिल्पकार बी. व्ही. वाघ यांनी हाती संविधान घेतलेले, पुढे बोट दाखविणारे बाबासाहेब घडविले. तेथे राष्ट्रपुरुष दाखविणे उचितच होते. महूचा प्रश्न निराळा होता. वास्तुकार ई. डी. निमगडे यांनी तेथे स्तूपाच्या धर्तीचा घुमट योजला. १९९१ मध्ये कोनशिला बसली आणि २००८ मध्ये स्मारक लोकांसाठी खुले झाले. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतराशी जन्मस्थानाचा धागा या एका आकाराने जोडला गेला.

मात्र पुत्र कोठवर पोहोचला हे स्तूप सांगतो; पिता कोठून निघाला हे सांगणे घुमटाच्या आवाक्यातले नव्हे. ते काम चित्रकाराचे आहे. सुभेदाराचा गणवेश, लष्करी शाळेतील फळा, उचललेले बिऱ्हाड, एवढी सामग्री त्याला पुरेशी आहे. नसलेले वैभव त्याने कल्पू नये. दर वर्षी १४ एप्रिलला महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकसमुदायात चाकरीसाठी गाव सोडलेल्यांचे वंशज कितीतरी असतात. थोर पुरुषाच्या दर्शनाबरोबर आपल्या आजोबा-पणजोबांच्या कष्टांचीही ओळख त्यांना तेथे पटली, तर ते प्रदर्शन खऱ्या अर्थाने सार्वजनिक झाले असे म्हणता येईल.