वीस प्रश्नांची चाळणी

नांदेड किंवा लातूर जिल्ह्यातल्या कुठल्याही आरोग्य उपकेंद्रावर लसीकरणाच्या दिवशी गेलात तर आईच्या कडेवर दीड-दोन वर्षांची काही मुले हमखास दिसतील. राष्ट्रीय वेळापत्रकाप्रमाणे १६ ते २४ महिन्यांच्या वयात गोवर-रुबेलाची दुसरी मात्रा आणि त्रिगुणी व पोलिओ लसींचा बूस्टर द्यायचा असतो. यानंतरची इंजेक्शनची लस पाच वर्षे पूर्ण झाल्यावर. आशाताईंच्या बाळाच्या वाढीसाठी ठरलेल्या घरभेटीही पंधराव्या महिन्याला संपतात. म्हणजे वरकरणी निरोगी दिसणारे मूल घेऊन आई स्वतःहून आरोग्य कर्मचाऱ्यांसमोर येते, अशी ही बराच काळपर्यंतची शेवटची भेट असते.

नेमक्या याच वयात स्वमग्नतेची, म्हणजे ऑटिझमची, लक्षणे ओळखता येऊ लागतात. मग लस देताना आईला काही प्रश्न विचारून अशी मुले लवकर हेरता येतील का? येतील. पण त्या प्रश्नांच्या उत्तरातून नेमके काय कळते आणि काय कळत नाही, हे शिक्षकांनी जाणून घ्यायला हवे. कारण या चाळणीतून निसटलेली मुले पुढे आपल्याच वर्गात येऊन बसणार आहेत.

पाहायचे काय?

स्वमग्नता हा आजार नव्हे, मेंदूच्या वाढीतले ते वेगळेपण आहे. दुसऱ्याशी संवाद साधण्याची रीत वेगळी असणे, हा त्याचा एक भाग. तीच ती कृती पुन्हा पुन्हा करणे, ठरलेला क्रम बदलला की अस्वस्थ होणे, आवाज किंवा स्पर्श फार तीव्रपणे जाणवणे, हा दुसरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात १२७ जणांमागे एक व्यक्ती स्वमग्न आहे. रक्त तपासून किंवा मेंदूचे चित्र काढून स्वमग्नतेचे निदान होत नाही. मुलाचे वागणे पाहूनच ते करावे लागते.

दीड वर्षाच्या मुलात पाहण्याजोगी सर्वांत बोलकी गोष्ट म्हणजे त्याचे बोट. फळीवरचा बिस्किटाचा डबा हवा म्हणून मूल बोट दाखवते, ते मागण्याचे बोट. रस्त्याने ट्रॅक्टर गेला, मुलाने त्याकडे बोट केले, मग वळून आईच्या तोंडाकडे पाहिले, ‘तूही पाहिलास ना?’ असे. हे दाखवण्याचे बोट. यात मुलाला काही मिळवायचे नसते. आपले पाहणे दुसऱ्याशी वाटून घ्यायचे असते. भाषा याच वाटून घेण्यावर उभी राहते. स्वमग्न मुलांत हे दुसरे बोट अनेकदा उशिरा येते किंवा दिसतच नाही. नावाने हाक मारल्यावर वळून न पाहणे, रिकाम्या कपातून खोटाखोटा चहा पिण्यासारखे खेळ न खेळणे, येत असलेले शब्द बोलेनासे होणे, ही आणखी काही लक्षणे. यांपैकी एखादे दिसले म्हणजे मूल स्वमग्नच, असे मात्र नाही. हाकेला न वळणाऱ्या मुलाला कदाचित ऐकूच येत नसेल. म्हणून पहिली तपासणी कानांची करायची.

प्रश्नावली कशी चालते?

या कामासाठी जगभर वापरली जाणारी एक प्रश्नावली ‘एम-चॅट’ नावाने ओळखली जाते. तिची सुधारलेली आवृत्ती २०१४ साली प्रसिद्ध झाली. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी तीत २० प्रश्न आहेत आणि उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे द्यायचे. काळजीची उत्तरे मोजतात. ती ०ते २ असतील तर धोका कमी. ८ किंवा अधिक असतील तर मुलाला थेट तज्ज्ञांकडे पाठवायचे. ३ ते ७ असतील तर दुसरा टप्पा घ्यायचा, म्हणजे त्याच मुद्द्यांवर आईला उदाहरणे विचारत सविस्तर बोलायचे.

हा दुसरा टप्पा अनेकदा वगळला जातो, आणि सारे तिथेच बिनसते. का, ते एक हिशेब करून पाहू.

समजा, गावोगावच्या १००० मुलांना प्रश्न विचारले आणि त्यांतली १० स्वमग्न आहेत. समजा, प्रश्नावली शंभरांतली ८० स्वमग्न मुले बरोबर ओळखते आणि स्वमग्न नसलेल्या शंभरांपैकी फक्त ५ जणांबद्दल चुकीची शंका घेते. चाळणी तशी बरी वाटते. आता मोजा. १० पैकी ८ मुले सापडली. उरलेल्या ९९० पैकी सुमारे ५० जणांवर उगाच शंका आली. म्हणजे शंका आलेल्या ५८ मुलांपैकी स्वमग्न फक्त ८! आणि ‘काळजी नाही’ असे सांगून घरी पाठवलेल्यांत २ स्वमग्न मुले राहूनच गेली.

आकडे मानलेले आहेत, पण प्रत्यक्षातही असेच घडते. २०१४ सालच्या अमेरिकेतील अभ्यासात दोन्ही टप्पे नीट पार पाडल्यावरही शंका कायम राहिलेल्यांपैकी सुमारे ४७ टक्के मुले स्वमग्न निघाली. पण बाकीच्यांपैकी बहुतेकांच्याही विकासात काही ना काही अडचण होतीच. त्यांना पाठवणे वाया गेले नाही. २०१९ साली फिलाडेल्फियातील नेहमीच्या बालरोग दवाखान्यांतल्या सुमारे २६ हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे अनेकदा दुसरा टप्पा घेतलाच गेला नव्हता. शंका आलेल्यांपैकी जेमतेम १५ टक्के मुले स्वमग्न ठरली. आणि पुढे स्वमग्न ठरलेल्या मुलांपैकी ४० टक्क्यांहूनही कमी मुले या चाळणीत सापडली होती.

म्हणून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. चाळणीत अडकणे म्हणजे निदान नव्हे. आणि चाळणीतून पार होणे म्हणजे निर्वाळा नव्हे.

मग चाळणी लावायचीच कशाला, यावर तज्ज्ञांतही मतभेद आहेत. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ आणि २४ महिन्यांना प्रत्येक मुलाची अशी तपासणी करावी असे सांगते. तिथल्याच एका शासकीय तज्ज्ञगटाने २०१६ साली म्हटले, की ज्या मुलांबद्दल कुणालाच शंका नाही त्यांना या तपासणीने किती फायदा होतो, हे ठरवण्याइतका पुरावा नाही. पण आईबापांना किंवा शिक्षकांना शंका असेल तर मुलाची पूर्ण तपासणी करावी, याबद्दल दुमत नाही.

आपल्याकडची वाट

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघरला झाली. त्याची फिरती पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन मुले तपासतात. जन्मजात दोष, कमतरता आणि आजार यांच्याबरोबर विकासातील विलंबही त्यांनी पाहायचा असतो. शंका आलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय आयुर्विज्ञान संस्था आहे आणि स्वमग्न मुलांसाठी काम करणारे ‘उमंग’ केंद्रही आहे.

पण किनवटच्या पाड्यावरून नांदेड गाठायचे तर आईचा सबंध दिवस जातो, रोज बुडतो तो वेगळाच. कंधार-मुखेडकडची कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात. पथक अंगणवाडीत येते तेव्हा मूल कुठल्या तरी कारखान्याच्या तळावर असते.

आणखी एक अडचण भाषेची. किनवट भागात अनेक घरांत गोरमाटी, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, तर शहरांतल्या कितीतरी घरांत दखनी बोलली जाते. ‘मूल बोट दाखवते का?’ असे मराठीत विचारले तर आई ‘हो’ म्हणेल. तिच्या डोळ्यांसमोर बिस्किटाचा डबा असेल. ‘रस्त्याने काही नवीन दिसले तर तुम्हाला दाखवायला बोट करते का? मग तुमच्या तोंडाकडे पाहते का? परवा कधी केले?’ असे विचारले तरच खरे उत्तर मिळते. घरी दोन भाषा असल्याने मूल स्वमग्न होत नाही. पण ‘दोन भाषांमुळे बोलत नसेल’ या समजुतीपायी तपासणी लांबते.

लसीबद्दलचा गैरसमजही इथेच दूर करायला हवा. १९९८ साली एका ब्रिटिश डॉक्टरने १२ मुलांच्या आधारे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचा संबंध स्वमग्नतेशी जोडला. तो लेख २०१० साली नियतकालिकाने मागे घेतला, आणि लाखो मुलांच्या अभ्यासांत असा संबंध आढळलेला नाही. लस देण्याचे आणि लक्षणे दिसू लागण्याचे वय एकच आहे, एवढाच तो योगायोग.

शिक्षकांचे काम

बालवाडीत किंवा पहिलीत मूल आले म्हणजे दीड वर्षाचा तो टप्पा मागे पडलेला असतो. तरीही दुसरी चाळणी आपल्या हातात असते आणि ती पहिलीपेक्षा बारीक आहे. डॉक्टर मुलाला दहा मिनिटे पाहतात. आपण ते महिनोन्महिने, इतर मुलांच्या सोबतीने पाहतो.

शंका आली तर आठ-दहा दिवस नोंद ठेवा. ‘हट्टी आहे’, ‘लक्ष देत नाही’ असे शेरे नकोत. ‘तीनदा हाक मारली, वळले नाही, खिचडीच्या ताटाच्या आवाजाला वळले,’ असे घडलेले लिहा. मग पालकांना एकटे भेटा. ‘स्वमग्न’ हा शब्द आपण उच्चारू नये, निदान करणे आपले काम नाही. आपण पाहिलेले सांगावे, त्यांनी घरी काय पाहिले ते विचारावे आणि कानांच्या तपासणीपासून सुरुवात करायला सुचवावे. ‘याचा बापही उशिराच बोलला होता,’ हे उत्तर बहुधा येईल. तेव्हा वाद घालू नका. तपासण्यात काही जात नाही, थांबण्यात मात्र वर्षे जातात, एवढेच सांगा. आईवर ठपका येऊ देऊ नका. आईच्या वागण्याने किंवा तिने लाड केल्याने कुणी स्वमग्न होत नाही.

आणि निदान होईपर्यंत वर्गातली मदत थांबवून ठेवायची गरज नाही. दिवसाचा क्रम चित्रांनी दाखवणे, एका वेळी एकच सूचना देणे, घंटेजवळची जागा बदलून देणे, यासाठी कोणाचेही प्रमाणपत्र लागत नाही. निदान झाल्यावर मात्र कायद्याचाही आधार मिळतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ सालच्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे.

आपल्या हिशेबातली ती दोन मुले आठवा. कागदावर त्यांच्या नावापुढे ‘काळजी नाही’ असे लिहिलेले आहे. ती जूनमध्ये शाळेत येतील, तेव्हा त्या कागदापेक्षा त्यांच्याकडे पाहा.