परमुलखातील गोधडी

छंद म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बहुधा फुरसत असलेला मनुष्य उभा राहतो. पोटापाण्याची चिंता मिटली, हाताशी चार घटका मोकळ्या उरल्या, म्हणजे कोणी तिकिटे जमवितो, कोणी बाग करतो, अशी आपली समजूत असते. परंतु घरापासून दूर जाऊन राहिलेल्या माणसाच्या बाबतीत छंदाचे स्थान निराळे आहे. त्याच्यापाशी जो वेळ असतो त्याला फुरसत म्हणणे कठीण. तो रिकामा वेळ असतो. बदलीच्या नोकरीमुळे परप्रांतात आलेल्या कर्मचाऱ्याची पत्नी, लग्न होऊन परभाषेच्या गावी गेलेली मुलगी, उतारवयात मुलाकडे सातासमुद्रांपलीकडे राहावयास गेलेली आई, यांच्या दुपारी कशा सरतात हे त्यांचे त्यांनाच ठाऊक! शेजारणीची भाषा नीट कळत नाही, बाजारात घासाघीस करता येत नाही, आणि फोनच्या पडद्यावर घरची माणसे दिसली तरी त्यांच्याजवळ जाऊन बसता येत नाही. अशा वेळी मनाची समजूत घालण्यापूर्वी हातांना काम द्यावे लागते. ते काम कोणते असावे, याविषयी आज एक सूचना करावयाची आहे. ते काम म्हणजे गोधडी शिवणे.

ही सूचना उज्जैनहून केली जात आहे, यालाही कारण आहे. शिप्रेकाठचे हे नगर आज मराठी माणसाला परके वाटत नाही. परंतु एके काळी त्याच्या दृष्टीने तो परमुलूखच होता. अठराव्या शतकात राणोजी शिंदे यांचा अंमल माळव्यात बसला आणि उज्जैन हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालेश्वराच्या मंदिराची पुन्हा उभारणी केली. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरला नेली, तरी इथे रुजलेली अनेक मराठी कुटुंबे इथेच राहिली. घरात मराठी आणि दारात माळवी, अशा दोन भाषांवर त्यांच्या पिढ्या वाढल्या. जुने लुगडे विरले की ते टाकावयाचे नाही, त्याची गोधडी करावयाची, ही रीत देशावरची. आणि इकडे माळव्यातही तीच वस्तू ‘गुदडी’ या नावाने घरोघरी होतीच. ‘गुदडी का लाल’ हा हिंदीतला वाक्प्रचार, म्हणजे चिंध्यांत लपलेले माणिक, इथल्या प्रत्येकाच्या तोंडी असतो. गोधडी आणि गुदडी ही जोडी ऐकली, म्हणजे परकी भाषा वाटते तितकी परकी नसते, हे प्रथम ध्यानात येते.

परमुलखात राहणाऱ्याला हा छंद सोयीचा का, ते पाहू. एक तर त्याचे साहित्य बहुतेक घरातच असते. सुई, जाड सुती दोरा, कात्री आणि बोटाला टोचू नये म्हणून एक अंगुस्तान, एवढे आणले की काम भागते. दुसरे असे की, हे काम केव्हाही खाली ठेवता येते आणि केव्हाही पुन्हा उचलता येते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. हे शिकविण्यास भाषा फारशी लागत नाही. शेजारची वृद्ध माळवी बाई आपल्या हातातील सुई दाखविते, आपण तसे करतो. चुकले की ती टाका उसवून पुन्हा घालून दाखविते. या निमित्ताने शब्दही येतात. टाक्याचा ‘टाँका’ होतो, कात्रीची ‘कैंची’ होते, चिंधी मात्र दोन्हीकडे चिंधीच राहते. महिनाभर शेजारणीच्या ओसरीवर सुईदोरा घेऊन बसलेल्या बाईला त्या गल्लीत मग कोणी ‘नवीन आलेली’ म्हणत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. गोधडी आणि रजई यांत प्रथम भेद करावयास हवा. रजईत पिंजलेला कापूस भरलेला असतो. ती धुता येत नाही, आणि कापसाच्या गाठी झाल्या की पिंजाऱ्याला शोधावे लागते. गोधडीत केवळ कापडाचे थर असतात. त्या थरांमध्ये जी हवा अडकून राहते ती अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. थर एकमेकांवरून सरकू नयेत एवढेच टाक्यांचे काम. टाके फार विरळ पडले तर आतले कापड गोळा होते. फार दाट पडले तर थर दबून गोधडी ताठ होते आणि तिची ऊबही कमी होते.

कापड जुने, पुष्कळ वेळा धुतलेले आणि सुती असावे. ते मऊ असते, सुई त्यातून सहज जाते, आणि ते आणखी आटत नाही. नवे कापड वापरावयाचे असेल तर आधी धुवून घ्यावे. नाही तर पहिल्या धुण्यात एक थर आटतो, दुसरा आटत नाही, आणि सारी गोधडी सुरकुतते. रंग जातो की काय, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहावे. साडेपाच मीटरचे पातळ मधोमध कापून त्याचे दोन तुकडे काठाला काठ लावून जोडले, म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद असा एक थर मिळतो. अशी दोन चांगली पातळे खाली आणि वर, व मधे दोन-तीन विरलेली, एवढ्यात दोन माणसांची गोधडी होते.

तळाचे कापड सुलटी बाजू खाली करून जमिनीवर ताणून पसरावे. त्यावर एकेक थर ठेवून तळहाताने सुरकुत्या काढाव्यात. मग वीत-वीत अंतरावर लांब कच्चे टाके घालून सर्व थर एकत्र टाचून घ्यावेत. या टाचणीचा कंटाळा करू नये, कारण पुढची सारी सफाई तिच्यावर अवलंबून आहे. त्यानंतर धावदोरा घालावयाचा. ओळींमधील अंतर एक-दोन बोटांचे असावे. चारी कडा आत मुडपून शिवाव्यात किंवा त्यांना निराळ्या कापडाचा गोट लावावा. शेवटी कच्चे टाके काढून टाकावेत.

ओळी कोठून सुरू कराव्यात, याविषयी दोन मते आहेत. पाश्चात्त्य देशांतील शिक्षिका सांगतात, मध्यापासून कडेकडे जा, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. उलट उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूर भागातील सिद्दी स्त्रिया कडेपासून आरंभ करून फेऱ्या घालीत मध्याकडे येतात. या सिद्दींची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने मननीय आहे. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्या लोकांचे ते वंशज. कित्येकांचे पूर्वज गोव्यातून निसटून घाटावरच्या रानात येऊन राहिले. त्यांच्या बोलीत कोंकणी आहे, मराठी आणि कानडीचेही मिश्रण आहे. त्यांच्या गोधडीला ‘कवंद’ म्हणतात. तिच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या त्रिकोणी घड्यांची ‘फुले’ लावल्यावाचून ती पुरी झाली असे त्या समजत नाहीत. ज्यांना आपल्या इच्छेविरुद्ध परमुलखात आणले गेले, त्यांच्या लेकीबाळींनी त्या मुलखातील जुन्या लुगड्यांतून आपली अशी एक वस्तू घडविली, हे लहानसहान कर्तृत्व नव्हे.

येथेच या छंदाचे मर्म आहे. गोधडी एकाच कापडाची होत नाही. घरून आणलेले कापड कितीही प्रिय असले तरी ते पुरे पडत नाही. त्याला इथले कापड जोडावेच लागते. उज्जैनमध्ये राहणाऱ्याला ते शोधण्यास दूर जावे लागत नाही. इथल्या विनोद आणि हिरा या कापडगिरण्या कधीच बंद पडल्या, पण कालभैरवाच्या मंदिराजवळील भैरवगढ वस्तीत छिपा कारागिरांचे छपाईचे काम अद्याप चालते. लाकडी ठशांची छपाई तिथे आहे, तसेच बाटिकचेही काम आहे. वितळलेले मेण कापडावर जेथे लावावे तेथे रंग चढत नाही, आणि मेणाला गेलेल्या बारीक भेगांतून मात्र रंग आत शिरून कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा उमटतात. उज्जैनच्या या बाटिकला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आईच्या लुगड्याशेजारी भैरवगढच्या चादरीचा एक तुकडा बसविला, म्हणजे ती गोधडी केवळ माहेरची राहत नाही.

वस्त्राचे सोडून स्वरांचे उदाहरण घ्यावयाचे तर उज्जैनशेजारच्या देवासचे घ्यावे. बेळगावकडचे, मुंबईत शिकलेले कुमार गंधर्व १९४८ साली क्षयाच्या आजारामुळे हवापालटासाठी देवासला येऊन राहिले. काही वर्षे त्यांना गाणे बंद ठेवावे लागले. अंथरुणावर पडल्यापडल्या त्यांच्या कानी माळव्यातील स्त्रियांची लोकगीते पडत. बरे झाल्यावर त्यांनी त्या धुनांतून नवे राग बांधले, आणि आपल्या गुरूंकडून आणलेल्या विद्येला या मातीचा तुकडा कायमचा जोडला. परमुलखात सक्तीने मिळालेला वेळ कसा वापरावा, याचा याहून मोठा धडा जवळपास सापडणार नाही.

आज उज्जैनच्या मराठी घरांतील मुली पुण्यामुंबईलाच नव्हे, अमेरिका-कॅनडापर्यंत गेल्या आहेत. तिकडे हा छंद मोठ्या थाटाने चालतो. नवे कापड विकत घेऊन त्याचे भौमितिक तुकडे कापतात, ते जोडून वरचा थर करतात, मधे भराव घालतात आणि पुष्कळदा यंत्रावर शिवतात. स्त्रियांनी एकत्र जमून गोधडी पुरी करण्याच्या बैठकीला तिकडे ‘क्विल्टिंग बी’ म्हणतात. एकट्या पडलेल्या स्त्रीने अशा एखाद्या मंडळात अवश्य जावे. मात्र दुकानातील महाग कापड पाहून दडपून जाऊ नये. अलाबामा राज्यातील जीज् बेंड या वस्तीतील गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांनी झिजलेल्या कामाच्या कपड्यांपासून ज्या गोधड्या शिवल्या, त्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात मांडल्या गेल्या आणि रसिकांनी त्यांना चित्रांच्या बरोबरीचा मान दिला. आपल्या आजीची रीत याहून वेगळी नव्हती.

एक गोष्ट मात्र निकडीची आहे. नित्याच्या नेसण्यातून सुती लुगडे जवळजवळ गेले. कृत्रिम धाग्याच्या साड्या घाम टिपत नाहीत, सुईखालून निसटतात, आणि गोधडीला निरुपयोगी ठरतात. जुन्या घरांच्या ट्रंकांत जी लुगडी उरली आहेत ती बहुधा शेवटचीच. ती नेसता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. यासाठी पुढच्या खेपेस घरी जाल तेव्हा आई, आजी किंवा आत्या यांच्याजवळ बसून ती ट्रंक उघडा. कोणते लुगडे कोणाचे, कोणत्या सणाला घेतलेले, हे त्यांना विचारून घ्या आणि चिठ्ठीवर लिहून त्या त्या घडीला टाचून ठेवा. त्यांच्यामागे कापड शिल्लक राहील. ते कोणाचे, हे सांगणारे कोणी राहणार नाही.

आरंभ मोठ्या गोधडीने करू नये. तान्ह्या बाळाचे दुपटे, हात-दीड हाताचे, शिवून पाहावे. शेजारच्या घरी पाळणा हलणार असेल तर फारच उत्तम; ते त्यांनाच द्यावे. त्यानंतर मोठे काम हाती घ्यावे. देशावर हे काम उन्हाळ्यात, शेतीची कामे नसताना करतात. परमुलखातील बाईनेही वैशाखात आरंभ करून दिवसाला चार-सहा ओळी घातल्या, तर माळव्याच्या पौषातील थंडीपूर्वी गोधडी पुरी होते. आणि तोवर ओसरीवर बरोबर बसणाऱ्या दोघी-तिघी शेजारणींची नावे, त्यांच्या लेकीसुनांसकट, तोंडपाठ झालेली असतात.