बौद्धवाडा, कातकरवाडी आणि नेऱ्याचे आरोग्य केंद्र

"कातकरी काही सुधारणार नाहीत. त्यांना कितीही द्या, ते तसेच राहणार." हे वाक्य हल्ली आपल्याही वस्तीत सहज ऐकू येते. बोलणाऱ्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. पण हेच वाक्य शंभर वर्षांपूर्वी आपल्या आजोबा-पणजोबांबद्दल बोलले जात होते. "हे लोक घाणेरडे, हे लोक अडाणी, यांना शिकवून काय उपयोग?" म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर आपण दोन समाज शेजारी शेजारी ठेवून पाहू. एक बौद्ध समाज, दुसरा कातकरी समाज. कोण पुढे, कोण मागे अशी शर्यत लावायची नाही. पुढे गेलेला कशामुळे गेला आणि मागे राहिलेला कशामुळे राहिला, हे समजून घ्यायचे आहे. औषध ठरवण्याआधी आजाराचे कारण शोधावे लागते.

त्यासाठी नेरे हे गाव चांगले आहे. पनवेलहून माथेरानच्या डोंगराकडे जाताना गाढी नदीच्या खोऱ्यात नेरे लागते. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. खालच्या बाजूला नवीन इमारती उठत आहेत. वरच्या बाजूला मालडुंगे, धोदाणीकडे गेले की कातकरी आणि ठाकर यांच्या वाड्या लागतात. बौद्धवाड्यातली बाळंतीण आणि कातकरवाडीतली बाळंतीण एकाच सरकारी केंद्राच्या दारात येतात. दार एकच आहे, पण दोघींची तिथवर येण्याची वाट वेगळी आहे.

आकडे काय सांगतात?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध मोजले गेले. त्यातले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. देशातील बौद्धांची साक्षरता ८१.२९ टक्के होती, तेव्हा देशाची सरासरी ७३ टक्क्यांच्या आसपास होती. सर्व अनुसूचित जातींची मिळून साक्षरता ६६ टक्के आणि अनुसूचित जमातींची ५९ टक्के. आपल्या स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के, तर देशातील स्त्रियांची ६४.६ टक्के. दर हजार पुरुषांमागे बौद्धांमध्ये ९६५ स्त्रिया होत्या, देशात ९४३. म्हणजे मुलगी शिकवण्यात आणि मुलगी जगवण्यात आपला समाज देशाच्या सरासरीच्या पुढे आहे. ही मान ताठ ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती, पण राज्यातील आदिवासींची ६५.७ टक्के. आदिवासींमध्येही कातकरी सर्वांत मागे असलेल्यांपैकी. राज्यात त्यांची लोकसंख्या सुमारे २ लाख ८५ हजार, बहुतेक रायगड, ठाणे, पालघर या पट्ट्यात. कोलाम आणि माडिया गोंड यांच्याबरोबर कातकरी ही सरकारने 'विशेष दुर्बल' म्हणून नोंदवलेली राज्यातील तिसरी जमात आहे.

साक्षरतेचा आरोग्याशी संबंध काय, असे कुणी विचारेल. संबंध थेट आहे. आई शिकलेली असेल तर ती लसीची तारीख वाचते, औषधाची पुडी वाचते, डॉक्टरला उलट प्रश्न विचारते, मुलीचे लग्न लवकर करत नाही. कमी वयातले बाळंतपण टळले की आईचा जीव वाचतो आणि मूल पुरेशा वजनाचे जन्मते.

आपण पुढे कसे आलो?

आपल्यात काही वेगळे रक्त होते म्हणून आपण पुढे आलो नाही. कारणे स्पष्ट आहेत.

पहिले कारण पाणी आणि स्वाभिमान. २० मार्च १९२७ रोजी आपल्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातील महाडला, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्याच परिषदेत त्यांनी मेलेल्या जनावराचे मांस खाणे सोडा, शिळेपाके मागणे सोडा, असे बजावले. तो मानाचा प्रश्न होता, तसाच आरोग्याचाही होता. आपल्या समाजातली ती पहिली मोठी आरोग्य मोहीम म्हणावी लागेल.

दुसरे कारण शिक्षणाची सोय. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ कॉलेज, नंतर औरंगाबादचे मिलिंद. त्याच्या आधीपासून वसतिगृहे होती. उपाशीपोटी मूल शिकत नाही, हे ओळखून आधी राहण्या-जेवण्याची सोय झाली.

तिसरे कारण महिन्याचा पगार. कोकणातला आपला माणूस मुंबईला गेला. गिरणीत, गोदीत, रेल्वेत, महापालिकेत, सैन्यात लागला. काम कष्टाचे होते, खोली दहा बाय दहाची होती. पण महिन्याच्या महिन्याला हातात पैसा येत होता आणि गावच्या कुणाची उचल अंगावर नव्हती. त्यात पुढे आरक्षणाची भर पडली.

चौथे कारण, आपली जागा आणि आपली संघटना. महारवतनाने आपल्याला राबवून घेतले, म्हणून बाबासाहेबांनी १९२८ पासून त्याविरुद्ध कायद्याची लढाई सुरू केली. पण गावात महारवाडा नावाची जागा तरी होती. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर तिचा बौद्धवाडा झाला. विहार झाला, पंचायत झाली, बोलणारा माणूस झाला. बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आली. ती ज्या घरांनी पाळली, त्या घरांत मुलांच्या पोटात दूध गेले.

कातकऱ्यांच्या वाट्याला काय आले?

आता हीच चार कारणे कातकऱ्यांना लावून पाहा.

खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून ते कातकरी. इंग्रजांच्या काळात वन कायदे आले, जंगल सरकारचे झाले आणि त्यांचा धंदा गेला. वर 'गुन्हेगार जमात' असा शिक्का बसला. कायद्याने तो १९५२ मध्ये पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून पूर्ण गेलेला नाही. कुठे चोरी झाली की आधी कुणाच्या वाडीवर संशय जातो, ते आपण सगळे जाणतो.

पगाराच्या जागी त्यांना वीटभट्टी आणि कोळसाभट्टी मिळाली. पावसाळ्यात मालक उचल देतो, दिवाळीनंतर सगळे कुटुंब भट्टीवर जाते आणि पाऊस तोंडावर आला की परत येते. शाळा सुटते ती इथेच. बाळाची लस चुकते ती इथेच. गरोदर बाईची तपासणी एकीकडे सुरू होते, बाळंतपण दुसऱ्या जिल्ह्यात, पालाच्या झोपडीत होते. हिशेबात उचल फिटत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा तीच भट्टी. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली, पण उचलीच्या रूपाने ती वाड्यांत शिल्लक आहे.

जागेचे तर विचारू नका. रायगडमधल्या अनेक कातकरवाड्या ज्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या उभ्या आहेत, तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर आहे. जागा नावावर नाही म्हणून घरकुल अडते, नळ अडतो, संडास अडतो. पनवेल परिसरात जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. अशा वेळी सातबारा नसलेल्या माणसाला रात्री झोप लागत नाही. ही सुद्धा आरोग्याचीच गोष्ट आहे.

तेव्हा "ते सुधारत नाहीत" हे निदान चुकीचे आहे. आपल्याला ज्या पायऱ्या मिळाल्या, त्या त्यांना मिळाल्याच नाहीत.

आपणही निर्धास्त राहू नये

आपल्या सरासरीमागे आपल्याच वस्तीतली अनेक घरे झाकली जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया आणि पाच वर्षांखालील जवळपास ६९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले वयाच्या मानाने खुजी होती. हे आकडे फक्त वाड्यांचे नाहीत, सगळ्या राज्याचे आहेत.

आणखी एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. देशातील नऊ राज्यांच्या मोठ्या आरोग्य पाहणीवरून तो केला होता. महाराष्ट्र त्यात नव्हता. उच्चवर्णीय हिंदूंच्या तुलनेत आदिवासींचे सरासरी आयुर्मान ४ वर्षांहून अधिक आणि दलितांचे ३ वर्षांहून अधिक कमी निघाले. महत्त्वाचे म्हणजे गरिबीने या तफावतीचा निम्माही भाग उलगडला नाही. म्हणजे खिशात पैसा आला तरी जात माणसाचे आयुष्य खातेच. दवाखान्यात कुणाला आधी बघितले जाते, कुणाशी कसे बोलले जाते, यानेही आयुष्य कमी-जास्त होते. ज्या कातकरी बाईला रांगेत मागे सरकवले जाते, तिच्या आणि आपल्या दुखण्याचे मूळ एकच आहे.

नेऱ्याला हे वेगळे सांगायला नको. कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन इथेच आहे. कुष्ठरुग्णाला पापी म्हणून गावाबाहेर काढत, त्या काळात इथे त्याला माणूस म्हणून ठेवून घेतले गेले. आज कुष्ठरोग ६ ते १२ महिन्यांच्या मोफत गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. रोग औषधाने गेला. शिक्का मात्र माणसांनीच पुसावा लागतो.

दोन्ही वस्त्यांनी लक्षात ठेवावे

*रक्तक्षय.* गरोदर बाईचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, ७ च्या खाली असेल तर जिवाला धोका. लोहाच्या गोळ्या गरोदरपणात किमान १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या. गोळी चहाबरोबर नको, मध्ये तास-दीड तास जाऊ द्या. लिंबू, आवळा खाल्ला तर लोह चांगले मुरते. शौचास काळे होते म्हणून घाबरून गोळी बंद करू नका.

*रानभाज्या.* टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळे. या भाज्या कातकरी बाया पावसाळ्यात पनवेलच्या बाजारात विकायला आणतात. शेवळे घशाला खाजतात म्हणून त्यांच्याबरोबर काकडे घालायचे, हे ज्ञान त्यांचेच. आपण हे खाणे 'गरिबाचे' म्हणून सोडले आणि मुलांच्या हातात कुरकुऱ्याची पाकिटे दिली. इथे शिकायचे आपण आहे.

*सिकलसेल.* हा रक्ताचा आनुवंशिक आजार आदिवासींमध्ये आढळतो, तसा विदर्भातील बौद्ध कुटुंबांतही आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी पत्रिका नको, दोघांची रक्ततपासणी करा.

*क्षयरोग.* दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी मोफत आहे. उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार औषधाला दाद देत नाही.

*लसीचे कार्ड.* भट्टीवर जाताना माता-बाल कार्ड बरोबर न्यावे. लस कुठल्याही सरकारी केंद्रात मिळते. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत.

*पैसे.* पहिल्या बाळंतपणाला मातृवंदना योजनेत ५,००० रुपये, दुसरी मुलगी झाल्यास ६,०००. पण त्यासाठी आधार आणि बँक खाते लागते. ज्या बाईकडे जन्माचा दाखलाही नाही, तिची गाडी इथेच अडते.

विहारातून वाडीपर्यंत

ही अडलेली गाडी हलवणे आपल्या हातात आहे. आपल्या वस्तीत आज पदवीधर मुले-मुली आहेत. अर्ज भरणारे आहेत, ऑनलाइन कामे करणारे आहेत, आशाताई आणि अंगणवाडी सेविकाही आहेत. १५ नोव्हेंबर २०२३ पासून विशेष दुर्बल जमातींसाठी पीएम-जनमन योजना सुरू आहे. घर, पाणी, रस्ता, फिरता दवाखाना, सगळे तिच्यात लिहिलेले आहे. कागदावरचे वाडीपर्यंत यायला जातीचा दाखला, आधार आणि रेशनकार्ड लागते. एका पौर्णिमेच्या वंदनेनंतर चार तरुण वाडीवर गेले आणि दहा कुटुंबांचे कागद पूर्ण करून आले, तर ते मोठे धम्मकार्य होईल.

दुसरे, विहारात हिमोग्लोबिन तपासणी ठेवाल तेव्हा निरोप वाडीवरही जाऊ द्या. दिवाळीच्या आधी ठेवा, नंतर वाडी रिकामी असते.

तिसरे, गावच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीत आपला माणूस बसत असेल तर त्याने वाडीचा पाण्याचा प्रश्न मांडावा. पाण्यासाठी आपण काय सोसले, ते महाडच्या जिल्ह्यात राहणाऱ्याला शिकवावे लागू नये.

आणि सगळ्यात सोपे काम. नेऱ्याच्या केंद्रात, पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कुठल्याही दवाखान्यात कडेवर मूल घेऊन मागे उभी राहिलेली कातकरी बाई दिसली, तर तिला "ताई, पुढे या, तुमचा नंबर आहे" एवढे म्हणा.

जयभीम.