मोबाईल नाही, कार नाही, तरी संख्या वाढतेय. अमेरिकेतले आमिश लोक नेमके आहेत कोण?

घरात विजेची जोडणी नाही आणि दारात कारऐवजी घोडागाडी. हे चित्र जुनं नाही, आजच्या अमेरिकेतलं आहे.

सुरुवात झाली 1525 मध्ये, स्वित्झर्लंडच्या झुरिकमध्ये. बाप्तिस्मा बाळपणी नको, जाणत्या वयात स्वतःच्या मर्जीने घ्यायचा, असं काही ख्रिश्चनांनी ठरवलं. त्यापायी अनेकांचा जीव गेला. 1693 मध्ये या पंथात फूट पडली. नियम मोडणाऱ्यांवर कडक बहिष्कार हवा, असं म्हणणाऱ्या याकोब आमान यांचे अनुयायी म्हणजे आमिश. अठराव्या शतकात ते पेनसिल्व्हेनियात येऊ लागले. युरोपात मागे राहिलेले हळूहळू इतर पंथांत मिसळून गेले.

आज त्यांची संख्या 4 लाखांच्या आसपास आहे. पेनसिल्व्हेनिया, ओहायो आणि इंडियानात सर्वाधिक. मोठी कुटुंबं आणि बहुतेक मुलं पंथातच राहणं, ही वाढीची दोन कारणं.

तंत्रज्ञानावर सरसकट बंदी नाही. काय वापरायचं, ते प्रत्येक मंडळी ठरवते. काही ठिकाणी फोन चालतो, पण घराबाहेरच्या खोपट्यात.

शाळा मात्र आठवीपर्यंतच. 1972 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांना तशी मुभा दिली.

खरी गोची इथेच आहे. बाप्तिस्म्याआधी पंथ सोडला तर बहिष्कार नसतो, नंतर सोडला तर घरच्यांच्या पंगतीतही बसता येत नाही. म्हणजे निवड मुलांचीच. पण आठवीच्या शिक्षणावर बाहेरच्या जगात नोकरी मिळवणं सोपं नाही.